लांबच्या टेलिफोन लाइनवर नेट रेंगाळतंय? आधी रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) पाहा

नागपूरच्या बेसा, हिंगण्याकडच्या ले-आउटमध्ये अजून तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल, तर प्लॅन वाढवण्याआधी ब्राउझरमध्ये मॉडेमचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१. तिथे दोन आकडे बघायचे. लाइन अ‍ॅटेन्युएशन म्हणजे तारेत सिग्नल किती विरतो ते. साधारण दर किलोमीटरला १३-१४ डेसिबल. हा आकडा ६०च्या घरात असेल तर एडीएसएल २ प्लसचे (तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचं तंत्र) कागदावरचे २४ एमबीपीएस विसरा, एक-दोन मिळाले तरी खूप. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे तारेतला गोंगाट आणखी किती वाढला तरी लाइन टिकेल ते. तो ६ डेसिबलच्या खाली गेला की कनेक्शन सारखं तुटतं.

अंतर आपल्या हातात नाही, घरातली वायर मात्र आहे. बाकीचे फोन आणि एक्स्टेंशन काढून मॉडेम थेट रोझेटला लावा. मार्जिन वाढलं तर खोट घरातच: बिनफिल्टरचा फोन (फिल्टर म्हणजे आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी), जुना जोड, नाहीतर रोझेटमधलं हिरवट पडलेलं टोक. ते कापून नवं टोक घट्ट कसा. (हात कोरडे ठेवा, रिंग आली की चांगलाच झटका बसतो.)

उन्हाळ्यात कूलर लावल्यावरच मार्जिन पडतं का, तेही बघा. पडत असेल तर फोनची वायर मोटरपासून लांब न्या.

पावसाळ्यात रिसीव्हर कानाला लावून एक अंक दाबा, म्हणजे डायल टोन थांबेल. शांततेत खरखर आली तर बहुधा बाहेरच्या जोडात पाणी आहे. तक्रारीत 'नेट स्लो' लिहू नका, 'फोनवर खरखर' लिहा. म्हणजे लाइनमन तार तपासतो.