लांब कार्व्हिंग बोर्ड घेताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आधी एक क्लिअर करतो, मऊ बूट घालून पोरं जंप मारतात, रेलवर घसरतात तो स्नोबोर्ड वेगळा. इथे विषय आहे अल्पाइन बोर्डचा, म्हणजे अरुंद कंबर, ताठ, लांबलचक, त्यावर स्कीसारखे प्लास्टिकचे हार्डबूट आणि दोन्ही पाय जवळपास नाकाकडे (बोर्डच्या पुढच्या टोकाकडे) तोंड करून. काम एकच, मशीननं दाबून गुळगुळीत केलेल्या कडक बर्फावर बोर्डच्या कडेच्या धातूच्या धारेवर उभं राहायचं आणि न घसरता वळणं कापायची, हेच कार्व्हिंग. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्कानं स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत जिंकली आणि त्याच गेम्समध्ये स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलम (दोघांनी शेजारी-शेजारी खांबांमधून वळत उतरायची शर्यत) पण मारली, ती ज्या टाइपच्या बोर्डवर होती तो. ते बघूनच माझ्या डोक्यात किडा शिरला.

मी मूळचा सांगलीकडचा, म्युनिकला नोकरी, हिवाळ्यात वीकेंडला ऑस्ट्रिया नाहीतर साउथ टिरोल (इटलीचा उत्तर भाग). १६३ सेंटीमीटरचा स्लॅलम बोर्ड, म्हणजे छोट्या वळणांचा, दोन सीझन चालवला होता, वाटलं आता आपण तयार. मग सेकंडहँड १८५ चा रेस बोर्ड उचलला, साइडकटचा रेडियस २० मीटर, आणि पहिल्याच दिवशी दोन पिस्ट (बर्फ दाबून तयार केलेले उतार) जोडणाऱ्या अरुंद रस्त्यावर बोर्ड वळेचना, सरळ जाऊन केशरी जाळीत अडकलो. आमच्याकडे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून गल्लीत शिरला की जे होतं तेच, पुढे जाता येत नाही, मागे घेता येत नाही आणि लोक बघत उभे.

लांबी बघून घेतला, रेडियस बघितलाच नाही

सगळ्यात महागडी चूक हीच म्हणून जरा सविस्तर. दुकानात नाहीतर ऑनलाइन आपण विचारतो "किती सेंटीमीटर?", पण बोर्ड किती मोठं वळण मागणार हे लांबीवर नाही, साइडकटच्या रेडियसवर ठरतं. बोर्ड मधे बारीक असतो, ती बारीक बाजू म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा, आणि बोर्ड तिरका केला, तो वाकला की त्या वर्तुळापेक्षा थोडं लहान वळण कापतो. किती तिरका करता त्यावर किती लहान ते ठरतं.

साधा हिशोब, उतार वगैरे बाजूला ठेवून. रेडियस १० मीटर, बोर्ड ४५ डिग्री तिरका, तर वळणाची त्रिज्या साधारण ७ मीटर आणि तोल सांभाळायला ताशी ३० किलोमीटर वेग लागतो. रेडियस २० मीटर, तेवढाच तिरका, तर त्रिज्या १४ मीटर आणि वेग ४२ च्या आसपास. म्हणजे लागोपाठ डावी-उजवी अर्धवर्तुळं कापायला २८ मीटर रुंद पिस्ट पाहिजे, आणि ती पण मोकळी! आता खरी गंमत इथे आहे, माणूस घाबरला की म्हणतो कमी तिरका करू, हळू जाऊ. ३० डिग्रीवर वेग ३५-३६ वर येतो खरा, पण वळणाची त्रिज्या १७ मीटरच्या वर जाते, म्हणजे रुंदी ३५ मीटर लागते. घाबरून कमी झुकलात की जागा जास्त लागते आणि जागा संपली की जाळी. माझं तेच झालं.

म्हणून पहिला लांब बोर्ड १३-१५ मीटर रेडियसचा घ्या, लांबी १७५ असली तरी चालेल. २० च्या वरचे नंतर, आणि तेही तुमच्या जवळच्या पिस्टची रुंदी बघून. साउथ टिरोलमधल्या क्रोनप्लाट्झ डोंगराच्या माथ्यावरून सुटणाऱ्या पिस्ट मैदानासारख्या रुंद आहेत, तिथे २० मीटरचा बोर्ड लोण्यासारखा जातो, तोच बोर्ड झाडीतल्या जुन्या ऑस्ट्रियन पिस्टवर नेला की नुसता मनस्ताप.

दुसरं, वजन. रेस टीमनं वापरून काढलेले बोर्ड स्वस्त मिळतात पण ते ८५-९० किलोच्या आणि मांड्या खांबासारख्या असलेल्या माणसासाठी बनवलेले असतात. मी तेव्हा ६८ किलो. बोर्ड वाकायलाच तयार नाही, आणि जो वाकत नाही तो वळत नाही, एवढं सोपं आहे. विकणाऱ्यानं "मीडियम फ्लेक्स" म्हणजे मध्यम ताठ सांगितलं होतं, त्याचा मीडियम त्याच्यापाशी.

सेकंडहँड घेताना बोर्ड उपडा-सुलटा करून सपाट टेबलावर ठेवून बघा, मधे उचललेला राहतो का (राहायला पाहिजे), आणि पुढच्या बाइंडिंगच्या (बूट बोर्डला अडकवायच्या पकडीच्या) जरा पुढे नाकाजवळ हलकासा बाक आलाय का ते तिरक्या नजरेनं बघा. आत टायटॅनलचे म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ थर असतात, उंचवट्यात नाक घुसलं की ते कायमचे वाकतात आणि सरळ होत नाहीत. असा बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नका.

थांबायला शिकलाच नाही

हसू येईल, पण लांब बोर्डवर आडवं होऊन थांबणं हे वेगळं शिकावं लागतं. पाय ६० डिग्रीला फिरवलेले, बोर्ड लांब, त्यामुळे झटकन आडवा येत नाही. पहिली सकाळ निळ्या, म्हणजे सोप्या पिस्टवर फक्त आडवं घसरणं आणि थांबणं करा, दोन्ही बाजूंनी. कंटाळा येतो, करा तरी. आणि कार्व्ह करताना वेग कमी करायचा असेल तर ब्रेक मारायचा नसतो, वळण पूर्ण करायचं असतं, बोर्ड आडवा होऊन थोडा वर चढायला लागला की वेग आपोआप मरतो. अर्धवट सोडलेली चार वळणं लागोपाठ झाली की पाचव्याला तुम्ही प्रवासी, ड्रायव्हर नाही.

आपली रेघ वाचा

मला कुणी कोच नव्हता, पण बर्फ सगळं लिहून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी चेअरलिफ्ट पिस्टच्या वरूनच जाते, बसल्या बसल्या आपलीच रेघ शोधायची. सकाळी साडेआठला पहिल्या लिफ्टनं गेलात तर सापडते, अकरानंतर विसरा, तोपर्यंत पिस्टची भाजी झालेली असते (आणि तेव्हा लांब बोर्ड चालवू पण नका, गुडघ्यांवर दया करा).

रेघ कशी पाहिजे, तर सुरीनं खरवस कापल्यासारखी. बारीक, खोल, दोन्ही कडा स्वच्छ.

वळणाच्या सुरुवातीलाच बर्फ खरडलेला दिसतोय? म्हणजे मागचा पाय झटकून बोर्ड ढकललात. मऊ बुटांच्या बोर्डवरून आलेल्या सगळ्यांना ही सवय असते, मलाही होती, १६३ वर ती खपून जाते पण १८५ वर नाही. उपाय: वळण बदलताना बोर्ड आधी सपाट होऊ द्या, मग नव्या धारेवर झोपवा आणि एक श्वास थांबा. खरंच थांबा. त्या क्षणी काहीच होत नाहीये असं वाटतं, पोटात गोळा येतो, बोर्ड सरळ खाली पळतोय असं वाटतं, आणि मग नाक पकडतं आणि सगळा बोर्ड त्याच्यामागे येतो. छोटा बोर्ड तुम्ही वळवता, लांब बोर्डला तुम्ही फक्त कळवता. हे डोक्यात शिरायला मला एक अख्खा सीझन लागला.

रेघ शेवटी पंख्यासारखी पसरलीय, तर वेगाला घाबरून शेवटी ब्रेक मारलाय. वर सांगितलं ते परत वाचा, नाहीतर सरळ सोप्या उताराच्या पिस्टवर जा, लाज वाटून घेऊ नका.

रेघ टिंब-टिंब-टिंब अशी तुटक, आणि बहुतेक वेळा टाचेच्या बाजूलाच? हा थरथराट आपल्या सगळ्यांचा जुना मित्र. कारणं तीन-चार असतात. एक, गुडघे ताठ करून खुर्चीत बसल्यासारखं मागे बसलात. दोन, खांदे मागे उघडले, नजर दरीकडे राहिली. तीन, सगळं शरीर आत झोपवलं पण कंबरेत मोडला नाहीत, त्यामुळे बोर्डवर दाब कमी आणि नुसता झुकाव जास्त. टाचेच्या वळणात मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे ढकला, छाती नाकाच्या दिशेनं ठेवा, आणि बर्फाला हात लावायला जाऊ नका. फोटोत हात टेकलेला भारी दिसतो मान्य, पण हात खाली नेण्यासाठी खांदा पडतो आणि धार सुटते. बर्फ आपण होऊन हातापर्यंत येऊ दे. चौथं कारण म्हणजे बोथट धार, ते खाली.

मुख्य रेघेच्या शेजारी दुसरी उथळ रेघ दिसली तर टेक्निकचा प्रश्नच नाही, तुमचा बूट बर्फात घासतोय. हा प्रकार डेंजर, कारण बूट टेकला की धार अचानक वर उचलली जाते आणि माणूस काहीही सूचना न देता आडवा होतो. १९-२० सेंटीमीटरच्या कंबरेला पायाचा अँगल ६० च्या आसपास तरी लागतो, मोठे पाय असतील तर अजून. बोट किंवा टाच बोर्डच्या कडेबाहेर डोकावत असेल तर अँगल वाढवा. ६८-७० च्या पुढे जावं लागत असेल तर मात्र बोर्डच तुमच्यासाठी अरुंद आहे.

आणि रेघ मधेच गायब, पुढे माणसाच्या आकाराचा खड्डा? नाकावर खूप वेळ बसलात. सुरुवातीला वजन पुढे हे बरोबर, पण वळणाच्या पोटात ते मधे आणि शेवटी थोडं मागे सरकलं पाहिजे. आजकालच्या बऱ्याच रेस बोर्डांचा रेडियस एकसारखा नसतो, पुढे लहान आणि शेपटीकडे मोठा असतो, त्यामुळे पुढेच बसून राहिलात तर बोर्ड वळण आवळत जातो. उलट सगळं वजन शेपटीवर टाकलंत की बोर्ड पायाखालून पुढे पळतो.

बाइंडिंग आणि बूट

विकणाऱ्यानं लावलेल्या भोकांतच बाइंडिंग लावून निघालो होतो, तो माणूस सहा फुटांचा. दोन पायांमधलं अंतर स्वतःचं ठेवा, उंचीप्रमाणे साधारण ४६ ते ५२ सेंटीमीटर. पुढच्या पायाला बोटांखाली आणि मागच्याला टाचेखाली पाचर द्या, ३ किंवा ६ डिग्री, म्हणजे गुडघे एकमेकांशी भांडत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मोबाइलवर लिहून ठेवा, मी एकाच दुपारी अँगल, अंतर, पाचर सगळं बदललं आणि बोर्ड सुधारला तो कशानं हे आजतागायत कळलेलं नाही.

बूट खूप कडक घेऊ नका. घोटा हललाच नाही तर तोल सगळा कंबरेवर येतो, आणि संध्याकाळी नडगी अशी दुखते की जिना उलटा उतरावा लागतो. मागचा बूट जरा जास्त पुढे झुकलेला, पुढचा थोडा उभा, तिथून सुरुवात करा.

धार

"नाक-शेपटीची धार बोथट करून घ्या" हा सल्ला मऊ बोर्डवाले देतात. कार्व्हिंग बोर्डला तो लागू नाही, कारण वळण सुरू करणारं नाकच असतं आणि तेच बोथट केलं तर पकडणार कोण? अगदी टोकाचा वर वळलेला भाग सोडून बाकी सगळी धार जिवंत पाहिजे. बाजूचा कोन ८८ डिग्री बऱ्याच जणांना पुरतो. दोन-तीन दिवसांतून एकदा डायमंड फाइलचे हात मारा, नखावर घासून बघा, नखाचा कीस निघाला पाहिजे. बोर्डच्या तळाला लावायच्या मेणाचं फार टेन्शन घेऊ नका.

मागचे लोक

हे सगळ्यात सिरियसली घ्या. मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं हा पिस्टवरचा नियम खरा, पण मागच्याला वाटत असतं हा सरळ खाली चाललाय, आणि तुम्ही अख्खी पिस्ट आडवी कापून वर चढून परत येता. एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) दहा नियमांतला पाचवा नीट वाचा: पिस्टवर शिरताना, थांबून परत निघताना आणि उतारावर वरच्या दिशेनं जाताना वर-खाली बघण्याची जबाबदारी तुमची. वर चढणारं कार्व्ह म्हणजे हेच. मी प्रत्येक टाचेच्या वळणाच्या शेवटी खांद्यावरून वर बघतो, आणि गर्दी असेल तर कडेला उभा राहून सगळा लोंढा जाऊ देतो. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

मधे एका मित्रानं विचारलं, गुलमर्गला नेऊ का हा बोर्ड? नको रे बाबा. गुलमर्गचं नाव आहे ते भुसभुशीत खोल बर्फासाठी, तिथे ही अरुंद फळी नाक खाली घालून बुडते. तिकडे रुंद बोर्ड भाड्यानं घे.

राहिली लिफ्ट. एवढा लांब बोर्ड गोंडोलाच्या बाहेरच्या खाचेत बहुतेक बसत नाही, आत घेऊन उभा धरावा लागतो, आणि सकाळीच धार काढलेली असते. मधे कापडी पट्टा गुंडाळा आणि धार स्वतःकडे ठेवा, शेजारच्या काकूंच्या नव्या जॅकेटकडे नको. चेअरलिफ्टवर एक पाय मोकळा असताना नाक वर ठेवा आणि उतरताना सरळ पुढे जा, लगेच वळायला बघू नका, नाहीतर तिघांना घेऊन पडाल.