चामड्याचे रायडिंग ग्लव्हज घेताना: आधी तळहात तपासा

दुकानात ग्लव्हज हातात आले की नजर जाते मुठीवरच्या कडक कवचाकडे. ते सगळ्यात शेवटी बघा. आधी ग्लव्ह उलटा करा आणि मनगटालगतचा तळव्याचा भाग बघा. गाडीवरून पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, आणि रस्त्याला पहिला टेकतो तो हाच भाग. तिथे नुसतं चामडं असेल तर ते डांबराला चिकटल्यासारखं अडकतं, हात जागीच थांबतो आणि अंगाचं सगळं वजन मनगटावर येतं. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. ते नेमकं अशा पडण्यात मोडतं, आणि त्याला रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे जुळायला कधीकधी महिने जातात. म्हणून तळव्याच्या त्या उंचवट्यावर कडक, गुळगुळीत प्लास्टिकची चकती हवी. तिला स्लायडर म्हणतात. हात अडकण्याऐवजी घसरत पुढे जावा, एवढंच तिचं काम. करंगळीच्या बाजूला ती हवीच, अंगठ्याच्या बाजूलाही असेल तर उत्तम. तिच्या जागी स्पंज असेल तर हँडलबारचा थरथराट कमी जाणवेल, घसरण्याच्या कामी तो येणार नाही.

दुसरी गोष्ट मनगटाचा पट्टा. बाहेरची व्हेलक्रोची झाप वेगळी आणि मनगट आवळणारा पट्टा वेगळा. नुसती झाप असेल तर ग्लव्ह हातातून निसटू शकतो, आणि पडताना हातातून निघालेला ग्लव्ह कितीही महाग असला तरी उपयोगाचा नाही. पट्टा नेहमीसारखा लावा आणि सोबतच्या माणसाला बोटांच्या टोकांना धरून जोरात ओढायला सांगा. ग्लव्ह तळव्याच्या मध्यापर्यंत सरकला तर तो ठेवून द्या. पट्टा मनगटाच्या सगळ्यात बारीक जागी बसायला हवा. वर हाडावर बसला तर तासाभरात रुततो, आणि मग तो सैल करायची सवय लागते.

मापासाठी शिवणकामाची टेप पुरते. ज्या हाताने लिहिता तो हात घ्या, अंगठा सोडून मुठीच्या हाडांवरून टेप फिरवा आणि हात किंचित मिटून आकडा बघा. बहुतेक ठिकाणी ८ इंच म्हणजे मीडियम, ९ इंच म्हणजे लार्ज, पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून त्या कंपनीचा तक्ता बघूनच ठरवा. माप संध्याकाळी घ्या. उन्हात आणि लांबच्या प्रवासात हात थोडे सुजतात, सकाळच्या मापाचे ग्लव्हज दुपारी आवळतात. चामडं रुंदीत सैलावतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे तळव्याला नवेपणी जरा घट्ट वाटलं तरी चालेल, पण बोटांची टोकं शिवणीला टेकत असतील तर ते दुखणं कायमचं. टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. त्याहून जास्त असली की ते रिकामं टोक क्लचच्या लिव्हरखाली चिमटतं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ताण येत असेल तर एक माप वर जा किंवा दुसरा साचा घ्या. एकाच मापात कोणाची बोटं लांब असतात, कोणाचा तळवा रुंद.

उभ्याउभ्या घालून बघण्यावर निर्णय घेऊ नका. गाडीवर बसा, मूठ धरा, क्लच आणि ब्रेक वीस-वीस वेळा दाबा. इंडिकेटर आणि हॉर्न अंगठ्याने नीट लागतात का, हेल्मेटची काच वर होते का, किल्ली फिरते का, हे करून बघा. मूठ मिटल्यावर तळव्यात चामड्याची घडी पडत असेल तर ती शंभर किलोमीटरनंतर फोड आणते. आधीच वाकलेल्या बोटांचा साचा आणि बोटांच्या पाठीवर चुण्यांची पट्टी असलेले ग्लव्हज कमी थकवतात, कारण प्रत्येक वेळी मूठ मिटताना चामड्याशी झगडावं लागत नाही.

चामड्यात बकरीचं पातळ, मऊ आणि त्या जाडीच्या मानाने चिवट असतं. लिव्हरचा अंदाज त्यातून छान कळतो, रोजच्या वापराला तेच घ्यावं. गाईचं किंवा म्हशीचं जाड चामडं जास्त घासणं सोसतं, पण मऊ पडायला वेळ घेतं. वरचा मूळ थर असलेलं चामडं मागा. आतल्या थराचं, दोन्ही बाजूंनी लवदार दिसणारं चामडं घासल्यावर लवकर फाटतं. रेक्झिन ओळखायचं तर कापलेली कड बघा: चामड्यात तंतू दिसतात, रेक्झिनच्या मागे कापड दिसतं. तळव्यावर दुहेरी चामडं आणि दुहेरी शिवण हवी. बोटांच्या आतल्या जाड शिवणी नखाशी टोचतात, म्हणून टोकाला शिवण बाहेर काढलेली असेल तर बरं. करंगळी अनामिकेला चामड्याच्या छोट्या पट्टीने जोडलेली असेल तर तो गुणच समजा. घसरताना करंगळी एकटी वळून मोडते, जोडीने ती टिकते.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का बघतो तसं इथे आतलं लेबल बघा. ईएन १३५९४ हा मोटरसायकल ग्लव्हजच्या युरोपीय मानकाचा क्रमांक आणि मोटरसायकलस्वाराचं चित्र हवं, सोबत १ किंवा २ ही पातळी. तळव्याच्या घासण्याच्या चाचणीत पहिल्या पातळीला किमान ४ सेकंद टिकावं लागतं, दुसरीला ८. पहिल्या पातळीत मुठीच्या कवचाची चाचणी ऐच्छिक असते, ती झाली असेल तर ‘केपी’ (नकल प्रोटेक्शन, म्हणजे मुठीच्या हाडांचं संरक्षण) लिहिलेलं असतं. दुसऱ्या पातळीत ती सक्तीची. क्रमांकाशिवाय नुसतं ‘सीई’ हे युरोपीय चिन्ह छापलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. आता ते कवच बघायला हरकत नाही: मूठ मिटली तरी ते हाडांवरच राहायला हवं, बोटांकडे सरकायला नको.

एप्रिल-मेच्या उन्हासाठी बारीक छिद्रांचं चामडं घ्या, पण छिद्रं बोटांच्या बाजूला आणि पाठीवर असावीत, तळव्यावर नकोत. अस्तर आत पक्कं शिवलेलं आहे ना, हे घामेजल्या हाताने ग्लव्ह काढून तपासा. सैल अस्तर बोटांसोबत उलटं बाहेर येतं आणि परत आत जाता जात नाही. पावसाळ्यात चामडं पाणी पितं, जड होतं आणि ताणलं जातं. वॉटरप्रूफ पडद्याचे ग्लव्हज उन्हाळ्यात उकडतात, म्हणून एकाच जोडीत दोन्ही ऋतू बसवायचा हट्ट नको. ताम्हिणी किंवा आंबा घाटात जायचं असेल तर चामड्यावरून चढणारी वॉटरप्रूफ खोळ बॅगेत ठेवा आणि ती चढवून लिव्हर सुटसुटीत दाबता येतात का, हे घरीच बघा.

नवी जोडी थेट लांबच्या सहलीला नेऊ नका. आठ-दहा दिवस ऑफिसच्या वाटेवर वापरा. काळा रंग हाताला लागत असेल, शिवण कुठे टोचत असेल, ते याच दिवसांत कळतं. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, पंख्याखाली वाळवा. इंजिनावर किंवा उन्हात ठेवले की चामडं आक्रसून कडक होतं आणि वाकवताना शिवणीशी तडकतं. घामाचं मीठ साचून पांढरे डाग आले तर ग्लव्हज हातात घालूनच कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि वाळले की लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त लावलं तर तळवा निसरडा होतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर ग्लव्हज डिकीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, आठवड्यात बुरशी धरते. खुंटीला टांगा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका.