जुन्या डब्यातली विंडोज नव्या डब्यात टाकता येते का? आधी हे पाहून घ्या

मागच्या जूनमध्ये मृगाच्या पहिल्याच पावसात आमच्या गल्लीतल्या पोलवर वीज पडली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवतो, कॉम्प्युटरचा प्लग मी काढून ठेवला होता पण राउटरची केबल काढायची राहिली अन् त्या केबलनंच खेळ केला, राउटर गेला अन् डब्यातला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीतला, मदरबोर्डही (सगळे पार्ट ज्याले जोडतात तो मुख्य बोर्ड) गेला. दिवस कोणते तं उत्पन्नाच्या दाखल्याचे, नॉन क्रिमिलेअरचे, बारावी झालेल्या पोट्ट्यायची लाइन बाहेर उभी. शेजारच्या कृषी केंद्राचे काका आले, पाहिलं अन् म्हणाले, "अबे त्यात काय हाय, हार्डडिस्क काढ अन् दुसऱ्या डब्ब्यात लाव, विंडोज तं डिस्कमंदीच असते ना?"

मलेही तसंच वाटत होतं, दहा वर्षं कॉम्प्युटरवर बसून. तर तसं नसते. विंडोजच्या फाइली डिस्कवर असतात हे खरं, पण ती वापरायचा हक्क म्हणजे लायसन्स, ते कॉम्प्युटरसोबत कंपनीनंच टाकून दिलेलं असलं तं त्या डब्याच्या मदरबोर्डाले बांधलेलं असते. त्याले ओईएम लायसन्स म्हणतात. रॅम वाढवा, जुनी डिस्क काढून एसएसडी टाका, काही होत नाही, बोर्ड मात्र तोच पाहिजे. बोर्ड खराब निघाला म्हणून कंपनीनं बदलून दिला तं लायसन्स चालू राहते, पण बोर्ड चांगला असताना तुम्ही हौसेनं बदलला तं तो नवीन कॉम्प्युटर धरतात.

मग "आपण पैसे दिले ना त्या विंडोजचे" हा वाद सगळेच घालतात, मीही घातला. दिले, पण कमी दिले, ओईएम स्वस्त मिळते ते याच अटीवर. डबा विकला तं लायसन्स डब्यासोबत जाते, तुमच्यासोबत येत नाही. युरोपात यावर कोर्टबाजीही झाली, जर्मनीच्या वरच्या कोर्टानं २००० साली ओईएम सॉफ्टवेअर डब्याबिगर विकायले मोकळीक दिली होती. पण आपल्याकडच्या लायसन्सच्या कागदात अट तीच आहे, अन् जर्मनीचा निकाल दाखवून दारव्ह्यात विंडोज काही ॲक्टिवेट होत नाही, म्हणजे मायक्रोसॉफ्ट तिचं लायसन्स मान्य करत नाही.

म्हणून जुना डबा भंगारात द्यायच्या आधी त्यात कोणतं लायसन्स आहे ते पाहा. डबा चालू असला तं काम सोपं आहे. विंडोजचं बटन अन् आर सोबत दाबा, डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट येते. त्यात इंग्रजीतून टाइप करा एस एल एम जी आर, मग एक स्पेस, मग स्लॅश म्हणजे ती पुढं कललेली रेघ, अन् त्याले चिकटून डी एल आय. एंटर मारल्यावर पाच-दहा सेकंद काहीच होत नाही, घाबरून पुन्हा पुन्हा एंटर मारू नका नाहीतर चार खिडक्या उघडतात. जी खिडकी येते तिच्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, लिहिलेलं असते, आपल्याले तेवढंच पाहिजे.

तिथं ओईएम लिहिलेलं दिसलं, पुढं डीएम असो, सीओए असो का एसएलपी असो, तं समजा ते त्या डब्याचंच, दुसरीकडं नेता येत नाही. व्हॉल्यूम दिसलं, केएमएस किंवा एमएके, तं ते मोठ्या ऑफिसचं, कंपनीचं नाहीतर कॉलेजचं लायसन्स आहे, अन् घरच्या डब्यात ते कसं आलं हे ज्यानं विंडोज टाकून दिली त्यालेच विचारा (विचारून फायदा नाही, तो हसते). अन् रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, दिसलं तं नेता येते, पण इथं एक गोची आहे अन् तिथं बरेच जण फसतात. त्याच खिडकीत कीचे, म्हणजे लायसन्सच्या २५ अक्षरी नंबराचे, शेवटचे पाच अक्षरं दिसतात. ते ३व्ही६६टी असले नाहीतर ८एचव्हीएक्स७ असले तं ती तुमची स्वतःची की नाही, विंडोज स्वतःहून सगळ्यायले लावते ती कॉमन की आहे, पहिली प्रोची अन् दुसरी होमची (हे विंडोजचे दोन प्रकार, म्हणजे एडिशन). २०१५-१६ मध्ये विंडोज ७ वरून फुकटात १० केलेल्या डब्यांवर हेच दिसते. मूळ ७ ओईएम होती तं वर रिटेल लिहिलेलं असूनही हक्क ओईएमचाच.

जुना डबा चालूच होत नसला तं स्टिकर पाहा. एक्सपी, व्हिस्टा, ७ च्या काळात डब्याच्या बाजूले नाहीतर लॅपटॉपच्या पोटाले २५ अक्षरांचं स्टिकर असायचं, लॅपटॉपमध्ये कधी बॅटरीच्या खाली. एप्रिल-मेच्या उन्हात अन् हाताच्या घामानं ते असं पुसलं जाते का बी अन् ८ मधला फरक कळत नाही, म्हणून फोटो काढून ठेवजा. तरी आता त्या ७ च्या कीचा उपयोग कमीच आहे. सप्टेंबर २०२३ पर्यंत ती टाकून १० नाहीतर ११ नवीन ॲक्टिवेट होऊन जायची, मग मायक्रोसॉफ्टनं ती वाट बंद केली. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या डब्यात की स्टिकरवर नसते, बोर्डावरच्या बायोसच्या (डबा चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) चिपमध्येच असते. म्हणून डिस्क काढून नेली तं की काही सोबत येत नाही.

आता रिटेलवाल्यांचं. तुम्ही वेगळी विकत घेतलेली, स्वतःच्या नावावरची की असली तं ती एका डब्यातून दुसऱ्यात नेता येते, फक्त एका वेळी एकाच डब्यात. जुन्या डब्यात कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, वरचीच कमांड द्या पण डी एल आयच्या जागी यू पी के, म्हणजे की त्या डब्यातून निघते. त्याच्या आधी की वहीत लिहून घेतली आहे ना हे दोनदा पाहा, हे मी सांगून राहिलो कारण काढल्यावर शोधत बसणारे गिऱ्हाईक माझ्याकडं आले आहेत. मग नव्या डब्यात सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, तिथं चेंज प्रॉडक्ट की. लायसन्स डिजिटल (कीऐवजी मायक्रोसॉफ्टकडं नोंद असलेलं) असलं अन् मायक्रोसॉफ्ट अकाउंटले जोडलेलं असलं तं नव्या डब्यात त्याच अकाउंटनं लॉगिन करून त्याच पानावर ट्रबलशूट दाबा, मग "मी नुकतंच हार्डवेअर बदललं" या अर्थाचं इंग्रजी वाक्य येते ते निवडा. अकाउंट जुना डबा जिवंत असतानाच जोडून ठेवावं लागते, मेल्यावर नाही.

माझं काय झालं ते सांगतो म्हणजे बाकीचं कळंल. मी यवतमाळहून एक सेकंडहँड ऑफिसातला डबा आणला, काकांच्या सल्ल्यानं जुनी डिस्क त्यात लावली. चालू झाली! माझ्या फाइली, प्रिंटर, सगळं जागच्या जागी. दोन दिवसांनी उजव्या कोपऱ्यात "ॲक्टिवेट विंडोज" असं पुसट अक्षर आलं, गिऱ्हाईकाले पीडीएफ दाखवावी तं त्याच्यावरही तेच. मग एका ओळखीच्या माणसाकडून चारशे रुपयात "लाइफटाइम की" घेतली. टाकली, ॲक्टिवेट झाली, मी खुश. दिवाळीच्या आधी पुन्हा तेच अक्षर. त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. डी एल आय मारून पाहिलं तं व्हॉल्यूम. कोणत्या तरी कंपनीची की असंल, शंभर जणायले विकली असंल, अन् वरून बंद झाली. ॲक्टिवेट झालं म्हणजे लायसन्स आलं असं नसते बाप्पा, चारशे रुपयात इतकं शिकलो.

अन् गंमत पुढंच आहे. त्या सेकंडहँड डब्याच्या बोर्डात त्याची स्वतःची विंडोज १० प्रोची की पहिल्या दिवसापासून होती. मी जी डिस्क लावली तिच्यात होम सिंगल लँग्वेज होती, आपल्याकडं दुकानातल्या लॅपटॉपात बहुतेक तीच टाकून येते. विंडोज होम अन् बोर्डातली की प्रोची, दोघं एकमेकाले ओळखत नव्हते, इतकंच. म्हणून कोणाले जुनी विंडोज नेता येते का असं विचारायच्या आधी नवीन आणलेल्या डब्यातच काय आहे ते पाहा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर शोकी प्लस नावाचं छोटं फुकट ॲप आहे, ते बोर्डातली ओईएम की अन् ती होमची का प्रोची हे दोन्ही दाखवते. ती की चेंज प्रॉडक्ट कीमध्ये टाकली अन् होमची प्रो झाली, रिस्टार्ट, काम संपलं. आठ मिनिटं लागले असतील.

तरी मी नंतर विंडोज कोरीच टाकली, दुसऱ्या बोर्डावरची जुनी विंडोज ओढत नेली का ड्रायव्हर कुरकुर करतात अन् पीसी मंद होते. कोरी टाकायची तं ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागते अन् मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल. डाउनलोड मोठा आहे, आमच्याकडं रात्री अकरानंतर लावतो तेव्हा सकाळपर्यंत होते, लाइट गेली नाही तं. इन्स्टॉल करताना बोर्डात की असली तं तो की विचारतच नाही, स्वतःच एडिशन निवडून पुढं जाते, नेट जोडलं का ॲक्टिवेट. विचारली तं "माझ्याकडं की नाही" हे दाबून पुढं जा अन् पूर्वी त्या डब्यात होती तीच एडिशन निवडा. सेंटरवाल्यायनो, बोटाच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ती मशीन चालवायचं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर अन् मराठी कीबोर्ड हे पुन्हा टाकावं लागते, आधीच पेनड्राइव्हमध्ये काढून ठेवा, गिऱ्हाईक उभं असताना शोधू नका.

जुनी डिस्क काढायच्या आधी अजून एक, अन् हे नवीन लॅपटॉपवाल्यायसाठी जास्त. अकाउंटनं लॉगिन केलेल्या लॅपटॉपात डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते, दुसऱ्या बोर्डाले लावली का ४८ आकड्यांची बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर सापडते. अकाउंट पोट्ट्यानं उघडलं अन् पोट्टा पुण्याले, असं असलं तं आधी त्याले फोन करा.

सेकंडहँड घेणार असाल तं पैसे देण्याआधी दुकानातच डबा चालू करून मोबाइलचं हॉटस्पॉट द्या अन् ॲक्टिव्हेशनचं पान उघडून पाहा, डी एल आय पण मारा, व्हॉल्यूम निघालं तं भाव पाडा नाहीतर उठून या. प्रोसेसर कोणता ते विचारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला अन् ११ ले टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम अन् इंटेल असलं तं साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर पाहिजे. डब्यात १० प्रोची की असली तं ११ प्रो तिच्यावरच चालते, वेगळी घ्यावी लागत नाही.

अन् डबा ११ ले बसतच नसला, लायसन्सही नसलं, अन् काम फक्त नेट पाहणं, फॉर्म भरणं, पोरांचा अभ्यास इतकंच असलं तं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, मराठी टायपिंग होते. माझ्या भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर दीड वर्षापासून आहे. सेंटरच्या कामाले मात्र मी नाही टाकत, बोटाच्या मशीनले अन् सहीच्या टोकनले तिच्यावर फार खटपट आहे. मिंट टाकल्यानं बोर्डातली विंडोजची की पुसल्या जात नाही, पुढं परत यायचं झालं तं ती तिथंच असते.

जुना डबा चालू असला अन् कोणाले द्यायचा असला तं त्याचं लायसन्स त्याच्यासोबतच जाऊ द्या, कीचा फोटो ठेवून घेऊन दुसरीकडं टाकायचा जुगाड करू नका, कधी चालूनही जाते, पण मग एका लायसन्सवर दोन डबे होतात अन् ज्यानं पैसे मोजून डबा घेतला त्याचाच अडकू शकते. फक्त डाटा पुसा. सेटिंग्जमध्ये रिसेट दिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, अन् पुढं ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय असते तो चालू करा, वेळ लागते पण लागू द्या. माझ्या डिस्कवर अर्ध्या गावाचे आधार अन् बँक पासबुक स्कॅन करून होते, ती मी कोणालेच दिली नाही, जळका बोर्ड अन् रिकामं कॅबिनेट तेवढं भंगारवाल्याले दिलं.