छापलेला माल धुऊन देताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की नव्याने छपाईत उतरलेल्या मुलांचे फोन सुरू होतात. मंडळाचे टी-शर्ट छापून तयार आहेत, उद्या द्यायचेत, आणि प्रश्न ठरलेला: द्यायच्या आधी धुवायचे का?

माझं उत्तर सरळ आहे. गिऱ्हाइकाने अंगात घालण्याआधी एकदा जरूर धुवावा. तुम्ही प्रत्येक लॉटमधला एक धुऊन बघावा. पण अख्खा लॉट धुऊन, घड्या घालून, नवा म्हणून देऊ नये. याला एकच मोठा अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

वास येतोय म्हणून धुणं

सगळ्यांत जास्त नुकसान या चुकीने होतं. आपल्याकडे टेबलावर पिगमेंट (कापडाच्या वर बसणारा रंग) छापताना पेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी अजून केरोसीन किंवा टर्पेन्टाइन असतं. छपाईनंतर पुरेशी उष्णता मिळाली की ते उडून जातं आणि मागे बाइंडर रंगाला कापडाशी धरून ठेवतो. दोन दिवसांनीही टी-शर्टला केरोसीनचा भपकारा येत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच: उष्णता कमी पडली, प्रिंट अजून कच्ची आहे. हा वास तुम्हाला वेळेत मिळालेली सूचना असतो, आणि लोक तीच धुऊन टाकतात.

पुण्यातल्या एका मंडळाची ऑर्डर होती. मरून रंगाचे कॉटनचे टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्यात मंडळाचं नाव. छापणारा मुलगा नवा, हात चांगला, रेषा स्वच्छ. पण क्युरिंगसाठी, म्हणजे प्रिंट उष्णतेने पक्की करायला, त्याच्याकडे फक्त हातातला हॉट एअर ब्लोअर होता आणि दिवस मोजके. कार्यकर्त्यांनी नमुना हातात घेतला, वास आला, कुरकुर झाली. याने काय करावं? सगळा माल लॉन्ड्रीत दिला, वर सांगितलं की गरम पाण्यात धुवा आणि ड्रायरमध्ये वाळवा, म्हणजे वास जाईल.

वास गेला. सोबत अक्षरांच्या कडाही गेल्या. मोठ्या अक्षरांमध्ये मधूनच कापड दिसायला लागलं. मरूनचा सुटा रंग पाण्यात उतरला आणि उरलेल्या पांढऱ्यावर गुलाबी झाक आली. कापड प्रीश्रंक, म्हणजे आधीच आटवलेलं, नव्हतं, त्यामुळे उंचीही आटली. कॉटनच्या होजियरीत पाच टक्के आटणं काही जगावेगळं नाही, पण सत्तर सेंटिमीटरच्या टी-शर्टला पाच टक्के म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. एल मागवलेल्याला एम हातात आल्यासारखं वाटणारच.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीत जास्तीचे म्हणून छापून ठेवलेले काही न धुतलेले टी-शर्ट होते. तीच पेस्ट, तीच स्क्रीन, तोच दिवस. ते आम्ही छपाईच्या ड्रायरमधून (माल तापवायची भट्टी, लॉन्ड्रीतला ड्रायर नव्हे) १५० अंशांवर पाच मिनिटं काढले. वास गेला आणि नंतर धुतल्यावर अक्षर हललं नाही. म्हणजे बाकीचा मालही वाचला असता. कच्ची प्रिंट कोरडी असेपर्यंत पुन्हा भाजता येते. पाण्यात पडून बाइंडर सुटला की भाजायला काही उरतच नाही. त्या मुलाने पदरचे पैसे घालून नवे टी-शर्ट छापले, आणि त्याची चूक छपाईतली नव्हती हे मला आजही खटकतं. त्याला घाई नडली.

तेव्हा वास आला तर आधी ड्रायर किंवा हीट प्रेस, मग पाणी. डीटीजीवर (कापडावर थेट छापणारा इंकजेट प्रिंटर) छापलेल्या गडद टी-शर्टला व्हिनेगरसारखा वास येतो तो प्रीट्रीटमेंटचा, म्हणजे छपाईआधी लावलेल्या द्रवाचा असतो. तो पहिल्या धुण्यात जातो, तिथे घाबरायचं कारण नाही. छापलेल्या भागाभोवती चौकोनी डाग दिसत असेल तर पाण्याचा हलका फवारा मारून, वर कागद ठेवून पुन्हा प्रेस करा. बहुतेक वेळा डाग फिका होतो.

नमुना न धुताच ऑर्डर देणं

नखाने खरवडून बघितलं, ताणून बघितलं, झालं! एवढ्यावर शेकडो टी-शर्ट देणारे लोक मी बघतो आणि मला खरंच राग येतो. प्लास्टिसॉलचा (पीव्हीसीच्या जाड शाईचा) थर वरून कोरडा आणि आतून कच्चा असू शकतो. त्याला साधारण १६० अंश लागतात, तेही थराच्या तळापर्यंत. लांबून तापमान मोजणारी लेझर गन फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. गनवर १६० दिसलं म्हणून कापडाला चिकटलेली शाई १६० ला पोचली असं होत नाही. ताणल्यावर तडा गेला तर कच्चेपणा कळतो, पण तडा गेला नाही म्हणजे प्रिंट पक्की झाली, असं मात्र नाही.

माझी सवय सांगतो. लॉटमधला एक टी-शर्ट घ्यायचा, तोही सुरुवातीचा नाही, मधला, कारण सुरुवातीला ड्रायर आणि हात दोन्ही तापायचे असतात. प्रिंटच्या मधोमध कात्रीने दोन भाग करायचे. एक भाग तारीख लिहून कपाटात. दुसरा घरच्या मशीनमध्ये, चाळीस अंशांच्या पाण्यात, जीन्ससोबत, रोजचीच पावडर. असं पाच वेळा. मग दोन्ही तुकडे खिडकीपाशी शेजारी ठेवून बघायचे. फरक जाणवला तर माल बाहेर जात नाही. यात एक टी-शर्ट वाया जातो आणि नव्या लोकांना तोच जीवावर येतो. एका टी-शर्टाची किंमत ऑर्डरच्या दरात आधीच धरायची, म्हणजे जीवावर येणार नाही.

डीटीएफवाल्यांनाही, म्हणजे फिल्मवर छापून ते कापडावर दाबणाऱ्यांनाही, हे लागू आहे. फिल्म सोलल्यावर चित्र चकचकीत आणि पूर्ण दिसतं, म्हणून लोक तिथेच थांबतात. दुसऱ्यांदा वर कागद ठेवून प्रेस करायचं टाळतात आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात कोपरे उचलले जातात.

डिस्चार्ज प्रिंट न धुता देणं

वर म्हटलेला अपवाद हाच. डिस्चार्जमध्ये आपण रंग चढवत नाही, कापडाचा मूळ रंग रसायनाने काढतो. हात लावला तर प्रिंट आहे हेच कळत नाही इतकं मऊ काम होतं, म्हणून लोकांना ते आवडतं. पण त्या रसायनातून फॉर्मल्डिहाइड हा त्वचेला त्रास देणारा वायू सुटतो, काही अंश कापडात राहतो, आणि उग्र वासही राहतो. असा माल मी धुऊनच देतो. आटणं आधी तपासतो आणि धुलाईचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहितो. धुणं परवडत नसेल तर डिस्चार्जची ऑर्डर घेऊ नका.

गिऱ्हाइकाला चुकीचं सांगणं

"धुवू नका, ड्रायक्लीन करा" हा सल्ला तर कहर आहे. ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटने प्लास्टिसॉलची प्रिंट फुगते, चिकट होते, खराब होते.

"मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होईल" हेही सोडा. मीठ रंगाईच्या वेळी रंग कापडात जायला मदत करतं. तयार टी-शर्टवर ते काही पक्कं करत नाही.

मी प्रत्येक गठ्ठ्यात मराठीत छापलेली चिठ्ठी टाकतो: छपाईनंतर एक दिवस जाऊ द्या, घालण्याआधी उलटा करून गार पाण्यात धुवा, पहिल्यांदा वेगळा धुवा, प्रिंटवर थेट इस्त्री फिरवू नका. धुवायला सांगण्यात कमीपणा वाटणारे छापणारे मला भेटतात. कमीपणा कसला? तिरुपूरहून निघालेला टी-शर्ट विणकाम, रंगाई, कटिंग, शिवण, गोदाम आणि आपलं टेबल असा सगळा प्रवास करून येतो. त्यावर फिनिशिंगची रसायनं असतात, धूळ असते, टेबलावर कापड चिकटवायचा गम असतो, कितीतरी जणांचे हात लागलेले असतात. लहान बाळाचे कपडे तर न धुता अंगाला लावूच नयेत. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० या कापडाच्या सुरक्षिततेच्या मानकात त्वचेला लागणाऱ्या मोठ्यांच्या कपड्यांना फॉर्मल्डिहाइडची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम आहे, बाळांच्या कपड्यांना १६. बारशाला नाव छापलेली झबली मागणाऱ्यांना मी हे तोंडी सांगतो, चिठ्ठीवर सोडत नाही.

छोट्या, पण महाग पडणाऱ्या

गिऱ्हाइकाने घरून आणलेला टी-शर्ट सॉफ्टनर लावून धुतलेला असेल तर तसाच छापू नका, शाई नीट धरत नाही. साध्या पावडरने पुन्हा धुऊन आणायला सांगा.

धुतलेला टी-शर्ट "वाळलाय" म्हणून लगेच टेबलावर घेऊ नका. कॉटन कोरडं वाटलं तरी वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतं, पावसाळी हवेत त्याहून जास्त. तो ओलावा उष्णता खातो. हीट प्रेसवर छापण्याआधी पाच-दहा सेकंद नुसतंच दाबून वाफ जाऊ द्या.

लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरं छापल्यावर ते गुलाबी पडलं, तर धुऊन उपयोग नाही. कापडातला रंग उष्णतेने वर आलेला असतो, आणि कधी कधी तो माल दिल्यानंतर काही दिवसांनी येतो. त्याला कमी तापमानाची, रंग अडवणारी शाई लागते, किंवा खाली राखाडी ब्लॉकरचा थर. ड्राय-फिटच्या, म्हणजे अशा पॉलिस्टर टी-शर्टच्या, ऑर्डरला मी नमुना छापून आठवडाभर ठेवतो आणि मगच होकार देतो. उद्याच हवेत म्हणणाऱ्याला कॉटन घ्यायला सांगतो.