रात्रीची पाळी संध्याकाळीच ठरवा

बाळ झाल्यावर नवरा-बायकोत सगळ्यात जास्त खटके उडतात ते रात्री, 'आता उठायचं कोणी' यावरून. बाळ रडतंय, दोघंही डोळे मिटून पडलेत, दुसरा उठेल म्हणून वाट बघताहेत. मग जो उठतो तो सकाळपर्यंत धुमसत राहतो.

१. रात्रीचे सरळ दोन भाग करा. ९ ते २ एकाचा, २ ते ७ दुसऱ्याचा.

२. ज्याची पाळी नाही त्याने जमल्यास दुसऱ्या खोलीत झोपायचं. सलग ४-५ तास झोप झाली की माणूस परत माणसासारखा बोलायला लागतो.

३. बाळ अंगावर पीत असेल तरी वाटणी होते. पाजणं आईचं, उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं बाबाचं.

४. पाळीवरच्याच्या कामात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. लंगोट तिरका बसला तर बसला. (आम्हाला हाच नियम सगळ्यात जड गेला.)

पाळी संपताना फ्रिजवरच्या कागदावर एक ओळ खरडायची: 'दीडला प्यायलं, ढेकर नाही निघाला.' म्हणजे झोपलेल्याला हलवून विचारायला नको.

फक्त एवढं बघा: झोप मिळूनही आईचं किंवा बाबाचं मन २ आठवड्यांपेक्षा जास्त उदास राहिलं, तर थकवा समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.