एसएसडीवरून पीसी चालू होत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी हे बघा
परवा नाशिकला सिडकोत मावशीकडे गेलो तर पीसीवर काळी स्क्रीन, 'नो बूटेबल डिव्हाइस' (म्हणजे विंडोज सुरू करायला डिस्क सापडत नाही), पावसामुळे दोन दिवस लाईट येत-जात होती आणि सगळे म्हणायला लागले एसएसडी, म्हणजे विंडोज आणि फाइल्स असतात ती डिस्क, गेली. थांबा, लगेच पैसे घालवू नका! चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची सेटिंग स्क्रीन) एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. नसेल तर पीसीचा प्लग काढून एसएसडी परत नीट बसवा, एम.२ वाली (बोर्डावरच बसणारी चपटी पट्टी) तिरकी आत सरकवायची, मग दाबून स्क्रू.

नाव दिसतंय पण बूट होत नाही? तारीख बघा. मावशीच्या पीसीचं घड्याळ पार काही वर्षं मागे गेलेलं, म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला, त्यामुळे सेटिंग पुसलं जाऊन बूट मोड लेगसीवर (चालू होण्याची जुनी पद्धत) गेला, आणि जीपीटी डिस्कवरचं (नव्या पद्धतीने विभागलेली डिस्क) विंडोज यूईएफआयमध्येच (चालू होण्याची नवी पद्धत) बूट होतं. सेल बदलला, मोड यूईएफआय केला, लगेच चालू!

तरीही नाहीच झालं तर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवून 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. डेटा काढल्याशिवाय फॉरमॅट अजिबात मारू नका, मावशीच्या नातवाचे सगळे फोटो त्यातच होते.