स्कूटरचे व्हेरिएटर रोलर घरी बदलताना

डबलसीट बसून कात्रजचा घाट चढताना गाडी तीस-पस्तीसवर येऊन रडायला लागली, की कुणीतरी सांगतंच, "हलके रोलर टाक, पळेल." सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रोलर म्हणजे व्हेरिएटरच्या, म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीच्या, आतली छोटी गोल वजनं. ती इंजिनात ताकद टाकत नाहीत. चढावर इंजिनाने किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) ओढायचं, एवढंच ती ठरवतात. कितीदा तर कंपनीच्याच वजनाचा नवा संच टाकला की पुढे काही करावं लागत नाही, कारण दोष वजनात नसतो, झिजेत असतो.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, डाव्या टोकावर व्हेरिएटर बसतो. आपल्याकडच्या बहुतेक ११०-१२५ सीसी स्कूटरमध्ये त्याच्या आत सहा खाचा आणि सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, पाठीमागच्या रॅम्प प्लेटवर रेलतात आणि सरकती चकती बेल्टकडे ढकलतात. त्यामुळे पुढच्या पुलीत बेल्ट वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो आणि गाडी जणू वरच्या गिअरमध्ये जाते. मागे क्लचखालची जाड कॉन्ट्रा स्प्रिंग याच्या उलट जोर लावत असते. या दोघांच्या ओढाताणीतून आरपीएम ठरतो.

रोलरचा जोर वजनाच्या आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा १२ ग्रॅमचे सहा, म्हणजे ७२ ग्रॅम होते आणि फुल रेसवर इंजिन ५,५०० आरपीएमला स्थिरावत होतं. ११ ग्रॅमचे टाकले की एकूण ६६ ग्रॅम होतात आणि तेवढाच जोर मिळायला इंजिनाला अंदाजे ५,७५० पर्यंत जावं लागतं. ९ ग्रॅमचे टाकले तर हाच आकडा ६,३५० च्या आसपास जातो. या गाड्यांची कमाल ताकद मॉडेलप्रमाणे सहा-साडेसहा हजारांपासून आठ हजार आरपीएमपर्यंत कुठेतरी मिळते, म्हणून थोडे हलके रोलर चढावर मदत करतात. पण सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगालाही इंजिन उगाच जास्त फिरतं, आवाज वाढतो, अ‍ॅव्हरेज पडतं. फारच हलके झाले तर बेल्ट पूर्ण वर चढतच नाही आणि टॉप स्पीडही जातो. फार जड टाकले तर इंजिन दबून चालतं, चढावर दम सोडतं.

म्हणून पायरी लहान ठेवा. मूळ वजनापेक्षा प्रत्येकी अर्धा ते एक ग्रॅम कमी. मधलं वजन मिळत नसेल तर दोन संच मिसळता येतात: तीन ११ चे आणि तीन १२ चे, एकाआड एक. सरासरी साडेअकरा पडते आणि तोलही बिघडत नाही. सरसकट दोन-तीन ग्रॅम उतरवायची गरज साध्या स्कूटरला पडत नाही. कॉन्ट्रा स्प्रिंग आणि रोलर एकाच दिवशी बदलू नका. कशाने काय झालं ते मग कधीच कळत नाही.

नवे रोलर विकत घेण्याआधी जुना रोलर व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या पट्टीवर) मोजा, बाहेरचा व्यास आणि रुंदी दोन्ही. झिजलेल्या जागी मोजलंत तर फसाल, चार-पाच दिशांनी फिरवून सगळ्यात मोठा आकडा धरा. नवे आणल्यावर प्रत्येक रोलर सोनारकाट्यासारख्या बारीक डिजिटल काट्यावर ठेवून वजन करा. स्वस्त संचात एक रोलर दुसऱ्यापेक्षा पाव-अर्धा ग्रॅम जड निघतो. असा संच परत करा, कारण असमान रोलर असमान झिजतात. डॉ. पुली या ब्रँडसारखे, घरंगळण्याऐवजी सरकणारे, एका बाजूने चपटे तुकडेही मिळतात. ते ठरलेल्या दिशेनेच बसतात, तेव्हा सोबतचं चित्र बघितल्याशिवाय लावू नका.

हत्यारं फार लागत नाहीत: ८ आणि १० ची गोटी (सॉकेट), व्हेरिएटरच्या नटाच्या मापाची खोल गोटी (नट मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, आधी मोजून घ्या), टॉर्क पाना, पुली धरायचा होल्डर, रबरी हातोडा, ब्रेक क्लीनरचा डबा, लिंट न सुटणारं फडकं आणि मास्क. आतली काळी पूड बेल्ट आणि क्लचची झीज असते. तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरही मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ हवंच, कारण नटाचा टॉर्क अंदाजाने लावायचा नाही. काही मॉडेलना ५५ न्यूटन-मीटर पुरतो, काहींना त्याच्या जवळपास दुप्पट लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर कव्हर उघडण्याआधी कागद वाचा.

इंजिन थंड असताना गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा आणि चावी काढून ठेवा. किकचा दांडा असेल तर तो काढताना खाचेची जागा मार्करने आखून घ्या. मग कव्हरचे बोल्ट. हे सगळे सारखे दिसतात पण लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, जागोजागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. कव्हर निघत नसेल तर कडेने रबरी हातोड्याने हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर सांध्यात घालून उचकलंत तर गास्केटची बैठक खरवडली जाते. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन छोट्या डॉवेल पिना असतात, त्या एखाद्या बाजूला चिकटून येतात आणि नंतर हरवतात. किकचा गिअर कव्हरमध्ये बसत असेल तर त्याची स्प्रिंग कुठल्या खाचेत होती, त्याचा फोटो काढा.

आता व्हेरिएटरचा नट. इथे एक फोटो अगदी जवळून काढा: नटाच्या बाहेर क्रँकचे किती आटे दिसताहेत. हा आकडा शेवटी लागणार आहे. पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवण्याची सवय सर्रास दिसते. पाती तुटतात आणि तुटलेला तुकडा बेल्टमध्ये जातो. होल्डर वापरा. नट काढायला एअर गन चालते, लावायला मात्र नको. नट, वायसर, किकचा रॅचेट (दातेरी चकती), पुलीची बाहेरची चकती, सगळं ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जा.

बेल्ट बाजूला केला की व्हेरिएटर दोन्ही हातांनी, पाठीमागची रॅम्प प्लेट बोटांनी दाबून धरत, बुशसकट (मधल्या धातूच्या नळीसकट) बाहेर ओढा. प्लेट सुटली तर रोलर खाली सांडतात आणि कुठला कुठे, कसा बसला होता, तो पुरावा जातो. उघडल्यावर फोटो आधी, हात नंतर.

मग तपासणी, आणि ती घाईने करू नका. रोलर टेबलावर घरंगळवा. चपटा डाग पडलेला टक्-टक् करत थांबतो. हाच डाग रस्त्यावर एका ठरावीक वेगाला गाडी अडकल्यासारखी करतो: रेस वाढते, वेग वाढत नाही. खाचांमध्ये नख फिरवा. जिथे रोलर नेहमी उभे राहतात तिथे नख अडलं तर खड्डा पडलाय, आणि त्यात नवे रोलरही तसेच अडकतील. मग व्हेरिएटरच बदलावा लागतो. रॅम्प प्लेटच्या कडेला तीन प्लास्टिकचे स्लायडर असतात. ते ढिले झाले की आयडलिंगला खडखड येते. किंमत किरकोळ असते, तेव्हा रोलरसोबत तेही नवे टाका. बुशवर व्हेरिएटर डुलत असेल तर तोही गेलाच समजा. बेल्टच्या दातांच्या मुळाशी वाकवून तडे बघा आणि रुंदी मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहा. क्रँकच्या सीलभोवती ओलसर तेल दिसलं तर इथेच थांबा, आधी सील बदला. तेल लागलेला बेल्ट कुठल्याही रोलरने नीट चालत नाही.

ग्रीसबद्दल गोंधळ असतो. बहुतेक व्हेरिएटर कोरडे चालतात. त्यात ग्रीस भरलं तर धूळ चिकटून रोलर अडकतात, शिवाय ते फेकलं जाऊन बेल्टवर येतं. ज्या व्हेरिएटरच्या पाठीमागे रबरी रिंगसकट स्क्रूने बसवलेलं झाकण असतं, ते ग्रीसवाले असतात. त्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ग्रीस, सांगितलेलंच वजन. चकत्यांचे बेल्टला टेकणारे चेहरे दोन्ही प्रकारांत ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसा. पुसल्यावर तिथे बोटही लावू नका.

नवे रोलर घालताना त्यांची दिशा बघा. बऱ्याच रोलरची एक बाजू प्लास्टिकने बंद असते, दुसरीकडे आतली धातूची नळी उघडी दिसते. बंद बाजू खाचेच्या ज्या भिंतीवर रोलर रेटला जातो तिकडे हवी, नाहीतर धातूची कड भिंत खरवडते. जुन्यांच्या फोटोत हे दिसतं, आणि खाचेच्या कुठल्या भिंतीला चकाकी आलीय ते पाहूनही कळतं. स्लायडर लावून प्लेट बसवा, बुश घाला आणि प्लेट दाबून धरतच व्हेरिएटर क्रँकवर सरकवा. आत जाताना एखादा रोलर खाचेतून निसटला तर प्लेट तिरकी राहते. बसल्यावर व्हेरिएटर मागेपुढे हलवून बघा. मागे पोकळी जाणवली किंवा खडखड ऐकू आली तर पुन्हा बाहेर काढा.

यापुढची पायरी सगळ्यात जास्त चुकते आणि नुकसानही सगळ्यात मोठं करते. कॉन्ट्रा स्प्रिंगमुळे मागची पुली मिटलेली असते आणि बेल्ट तिथे वर बसलेला असतो. त्यामुळे पुढे बेल्ट ताणलेला राहतो आणि दोन चकत्यांच्या मध्ये चिमटतो. बाहेरची चकती बुशला टेकतच नाही, ती बेल्टवर टेकते. नट आवळताना हाताला घट्ट लागतो, टॉर्क पानाही टक् करतो. गाडी सुरू झाली की बेल्ट जागा सोडतो, नट ढिला पडतो आणि चकतीचे दाते क्रँकवर घासून जातात. तीनचारशे रुपयांच्या रोलरपायी क्रँकशाफ्ट बदलायची वेळ यातूनच येते.

म्हणून आधी बेल्टचे वरचे-खालचे दोन्ही पदर मागच्या पुलीजवळ मुठीत धरून एकमेकांकडे दाबा. पुली उघडते आणि बेल्ट तिच्यात खोल उतरतो. दोन्ही पदर केबल टायने एकत्र बांधून टाका, म्हणजे हात मोकळे राहतात. आता पुढे बेल्ट इतका सैल हवा की बुशच्या अंगाला टेकून लोंबेल. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. बाहेरची चकती, रॅचेट, वायसर लावा आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने पूर्ण जात नसेल तर पाना उचलू नका, बेल्ट चिमटलाय. मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळल्यावर नटाचा तो आधीचा फोटो उघडा आणि आटे मोजा. तेवढेच दिसायला हवेत. केबल टाय कापा, मागचं चाक हाताने फिरवा, बेल्ट आपोआप वर येऊन ताठ होतो.

कव्हर लावण्याआधी बाहेरच्या चकतीच्या बेल्टला टेकणाऱ्या चेहऱ्यावर केंद्रापासून कडेपर्यंत मार्करची एक सरळ रेघ ओढा. डॉवेल पिना, गास्केट, किकची स्प्रिंग बघून कव्हर बसवा आणि बोल्ट तिरपे-समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा. कव्हर नसताना इंजिन सुरू करू नका. काही मॉडेलमध्ये क्लचच्या शाफ्टचं बेअरिंग कव्हरमध्येच असतं.

चाचणी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाने, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून घ्या. मागे बसणाऱ्याने मीटरचा व्हिडिओ काढला की २० ते ५० ला लागलेले सेकंद नंतर मोजता येतात. घाटाच्या एकाच चढावर फुल रेसला वेग कुठे स्थिरावतो तेही लिहून ठेवा. मग मोकळ्या रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेत थोडं पळवून, थंड झाल्यावर कव्हर पुन्हा उघडा. बेल्टने रेघ जिथपर्यंत पुसली, तिथपर्यंत तो चढला. कडेला थोडी रेघ शिल्लक राहते, ते ठीक. पण मोठा पट्टा कोरा राहिला आणि टॉप स्पीडही पडला असेल तर रोलर जास्त हलके झाले किंवा बेल्ट झिजलेला आहे. अर्धा ग्रॅम परत चढवा. अ‍ॅव्हरेज एका टाकीवरून ठरवू नका. फुल टाकी ते फुल टाकी, निदान दोनदा मोजा. पहिल्या २०० किलोमीटरनंतर नटाचा टॉर्क एकदा तपासा.